युद्ध, वाघिणी आणि घरातलं धान्य

 

उल्हासनगरला कपडे घ्यायला निघालं की आपण सोनिवली-बदलापूरच्या बायका काय म्हणतो? "कॅम्पात जाऊन येते." रिक्षावालाही विचारतो, कॅम्प तीन की कॅम्प चार? हा कॅम्प कसला, असा प्रश्न मागे गटाच्या बैठकीत निघाला, तेव्हा निम्म्या जणींनी सांगितलं, सिंधी लोकांचा. ते खरं आहे, पण अर्धं. सिंधी कुटुंबं आली फाळणीनंतर. त्यांच्या आधी तिथं पलटणी राहत होत्या. त्या पलटणी इथं का आल्या आणि त्यामुळं आपल्या पट्ट्यातल्या चुलीवर काय परिणाम झाला, हे आज आम्ही सांगणार आहोत. इतिहासाच्या पुस्तकात सेनापती असतात, तहाच्या तारखा असतात. डब्यातलं पीठ संपल्याचं त्यात फारसं नसतं.

दुसरं महायुद्ध चाललं १९३९ ते १९४५. लढाई युरोपात, आफ्रिकेत, पुढं ब्रह्मदेशात. आपल्याकडं इंग्रजांचं राज्य, म्हणून आपणही त्यात ओढले गेलो. कल्याणजवळच्या माळावर सरकारनं मोठी लष्करी छावणी उभारली, सहा हजार सैनिक आणि आणखी तीस हजार माणसं राहतील एवढी. बराकीच दोन हजारांच्या वर होत्या. एवढी मोठी छावणी नेमकी इथं कशाला? कारण कल्याण जंक्शन. मुंबईच्या बंदरात आलेली पलटण गाडीत बसवून कल्याणला आणली की इथून दोन वाटा फुटतात. एक कसारा घाटानं नाशिक, भुसावळकडं, दुसरी आपल्या अंबरनाथ-बदलापूर-कर्जतवरून बोरघाटानं पुण्याकडं. दक्षिणेत पाठवा की उत्तरेत, गाडी कल्याणवरूनच.

तेव्हा ही लाइन जी. आय. पी. रेल्वे कंपनीच्या नावानं ओळखली जायची. गाडी कल्याणला आली १८५४ मध्ये आणि १८५६ मध्ये बदलापूरवरून पळसदरीपर्यंत गेली. १९३० पर्यंत दोन्ही घाटांत विजेची इंजिनं चालू झाली होती. त्यासाठी रेल्वेनं ठाकुर्लीला चोळा इथं स्वतःचं वीजघर बांधलं होतं. ही विजेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता एक शब्द. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. नाव मोठं झकास आहे. ही वाघीण भलतीकडं गेली की स्वयंपाकघरात काय होतं, ते समजून घेतलं तर बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं इथली कितीतरी इंजिनं, वाघिणी आणि रूळसुद्धा इराक-इराणकडं लढाईच्या कामाला पाठवले. त्यासाठी देशातल्या काही लहान लाइनी चक्क उखडल्या. रेल्वेच्या कारखान्यांत गाड्यांच्या दुरुस्तीबरोबर लष्कराची कामं होऊ लागली. उरलेल्या वाघिणींवर पहिला हक्क सैन्याचा, मग दारूगोळ्याचा, मग कोळशाचा. धान्य त्यानंतर. माणसं तर सगळ्यात शेवटी. गरज असेल तरच प्रवास करा, अशा जाहिराती खुद्द रेल्वेच करायची. गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणणारा दुकानदार आम्ही तरी दुसरा ऐकलेला नाही.

त्यात मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. तुम्ही म्हणाल, रंगूनचा आपल्याशी काय संबंध? संबंध भाताचा. ब्रह्मदेशातून दरवर्षी सुमारे १५ लाख टन तांदूळ हिंदुस्थानात यायचा आणि मुंबई-कोकणातली भात खाणारी माणसं बरीचशी त्याच्यावर अवलंबून होती. तो एका फटक्यात बंद झाला. पंजाबात गहू होता, पण तो आणायला वाघीण मोकळी पाहिजे ना! माल कमी आणि आणायची सोय कमी, म्हणजे भाव चढणार. भाव चढणार हे कळलं की व्यापारी माल दाबून ठेवणार. व्यापाऱ्यानं दाबला की ज्याच्या खिशात पैसे आहेत तो गिऱ्हाईकही दोन पोती जास्त घेऊन ठेवणार. मग ज्या बाईचा नवरा आठवड्याच्या मजुरीवर आहे, तिच्या वाट्याला रिकामं दुकान.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते १९४३ मध्ये बंगालात दिसलं. जपानी येतील या भीतीनं सरकारनं तिथल्या किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, काही मोडून टाकल्या. तांदूळ महाग झाला, हलवायला साधन राहिलं नाही. अंदाजे ३० लाख माणसं भुकेनं आणि साथीनं मेली. मुंबईत मात्र सरकारनं मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू केलं आणि तेवढी वेळ येऊ दिली नाही. भात खाणाऱ्या घरांना रेशनवर गहू, ज्वारी घ्यावी लागायची. कुरकुर व्हायची, पण चूल पेटायची. रेशनसाठी धान्य मिळावं म्हणून शेतकऱ्यांवर लेव्ही बसली. आपला ठाणे जिल्हा भाताचा. इथल्या आज्यांच्या तोंडी 'लेव्ही' हा शब्द अजून आहे, तो तेव्हापासूनचा.

आता रेल्वेच्या चाळीत येऊ.

कल्याणला तेव्हा रेल्वेची मोठी वस्ती होती. ड्रायव्हर, गार्ड, फायरमन, फिटर, खलाशी, पॉइंट्समन, आणि लाइनीवर गँगमन, चावीवाले, मुकादम. अँग्लो-इंडियन कुटुंबं बंगल्यांत, आपली माणसं चाळींत. या वस्तीत घड्याळ भिंतीवर नसायचं, ते दारावर यायचं. ड्युटी लागली की बोलावणारा माणूस रात्री-अपरात्री वही घेऊन दार ठोठवायचा, सही घ्यायचा. त्याला कॉल बॉय म्हणत, मग तो चाळिशीचा का असेना. दार वाजलं की बाई उठणार, चूल पेटवणार, भाकऱ्या थापणार, डबा भरणार. माणूस किती वाजता परतेल, आज की उद्या, याचा नेम नाही. शांततेच्या काळातही हे असंच. युद्धात लष्कराच्या जादा गाड्या वाढल्या आणि घरी परतायची वेळ आणखी पुढं गेली. १९४१ मध्ये सरकारनं अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला, तेव्हापासून अशा कामावरून परवानगीशिवाय निघून जाणं हा गुन्हा झाला. म्हणजे पलटणीचा पोशाख नाही, पण सुटकाही नाही.

रात्री दिवाबंदी. जपानी विमानांनी एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर आणि विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले, मग मुंबईवरही पडतील अशी धास्ती बसली. मुंबईच्या बऱ्याच लोकांनी बायकापोरं गावी धाडली. रेल्वेच्या माणसाला ती सोय नाही, कारण त्याचं काम नेमकं जिथं बॉम्ब पडेल म्हणत होते तिथंच. खिडक्यांना काळा कागद, दिव्याला झाकण, स्टेशनवर मिणमिणता उजेड. अंधाऱ्या यार्डात डबे जोडणं-सोडणं हे किती जोखमीचं काम, ते ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी आहे त्यांना सांगायला नको. त्यात रॉकेल मिळायची मारामार.

आणि सुटे पैसे! हे आपल्या बचत गटाच्या कामाचं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. तेव्हा बाईची बँक म्हणजे मडक्यातले नाहीतर कमरेच्या पिशवीतले चांदीचे रुपये. युद्धात धातू महाग झाला. १९४० मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची कागदी नोट काढली. जुने राणीछाप रुपये १९४१ मध्ये चलनातून बाद केले. लोकांनी काय करावं? जुनी चांदी दडवली. मग चिल्लरही दडवली, कारण कागदावर भरवसा नाही. बाजारात सुटे मिळेनात. १९४३ मध्ये तांबं वाचवायला सरकारनं मधोमध भोक असलेला पैसा पाडला. हा भोकाचा पैसा कुणाच्या आजीनं दोऱ्यात ओवून ठेवला असेल तर बघा, अजून सापडेल. तो शोभेसाठी तसा केलेला नव्हता. त्या भोकाएवढं तांबं लढाईला लागत होतं.

कापडाचंही तेच. १९४३ मध्ये सूत-कापडावर सरकारी नियंत्रण आलं. पुरुषाचं धोतर एक वेळ आखूड चालेल, नऊवारी लुगडं सहावारी कसं करायचं?

तर आता मुख्य गोष्टीकडं. आपण 'महागाई भत्ता' हा शब्द रोज ऐकतो. सरकारी नोकरीवाल्या घरात तो वाढला की पेढे येतात. त्याची मुळं या लढाईत आहेत आणि त्यात आपल्या लाइनीच्या कामगारांचा मोठा वाटा आहे. युद्ध सुरू होताच भाव चढू लागले आणि जी. आय. पी. रेल्वेच्या कामगारांनी भत्ता मागितला. सरकारनं १९४० मध्ये न्यायमूर्ती बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमलं. तिथं वाद कशाचा? युद्धाआधी एका कामगाराचं घर चालवायला काय लागत होतं आणि आता काय लागतं, याचा. म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, सरपण, कापड. आपण गटाच्या वहीत लिहितो तोच हिशेब. घरातल्या बाईला जे तोंडपाठ होतं ते कोर्टाला आकडे मांडून शोधावं लागलं. पुढं कमी पगाराच्या कामगारांना भत्ता मिळू लागला.

पण पैशातल्या भत्त्यात एक खोट असते. आज भाव वाढला, भत्ता सहा महिन्यांनी. तो हातात येईपर्यंत भाव आणखी पुढं गेलेला. म्हणून रेल्वेनं दुसरा उपाय केला, तो आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो. रेल्वेनं आपल्या कामगारांसाठी धान्याची दुकानं काढली. तिथं ठरावीक धान्य बाजारापेक्षा कमी आणि ठरलेल्या भावानं मिळायचं. फरकाचा पैसा रेल्वे सोसायची. लहान स्टेशनांसाठी फिरती दुकानंही होती, डब्यातच मांडलेली. गँगमनच्या बायकोला पायपीट करून शहर गाठायची गरज नाही, दुकान रुळावरून तिच्याकडं यायचं. बाजारात भाव दुप्पट झाला तरी तिच्या डब्यात दाणा तेवढाच पडायचा. युद्धानंतर १९४७ मध्ये पहिल्या वेतन आयोगानं सर्वात खालच्या नोकराला ३० रुपये पगार आणि २५ रुपये महागाई भत्ता ठरवला. पगाराच्या जवळजवळ बरोबरीनं भत्ता! त्यावरून महागाईचा अंदाज घ्या. रेल्वेची ती दुकानं नंतर हळूहळू बंद झाली.

आता याची दुसरी बाजू. रुळाच्या अलीकडं भत्ता आणि दुकान. पलीकडं काय? पलीकडं डोक्यावर पाटी घेऊन स्टेशनात भाजी, जांभळं विकणारी बाई. ठेकेदाराकडं कोळसा वाहणारा मजूर. लाकडाची मोळी आणणारी कातकरीण, ठाकरीण. यांचं नाव रेल्वेच्या हजेरीपटावर नाही, म्हणून भत्ता नाही, दुकानाचं कार्डही नाही. तांदळाचा भाव मात्र दोघींना एकच. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की सावकाराकडून खावटी आणायची आणि पीक आलं की दीडपट, दुपटीनं फेडायची, हे आमच्या भागातलं जुनं दुखणं. युद्धात ते आणखी चिघळलं.

यावर उपाय काढणारा एक माणूस इथल्याच मातीतला होता. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. त्यांनी कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी काढली. पेढीत पैसे ठेवतात तसं कोठीत धान्य. अडीअडचणीला त्यातून न्यायचं, पीक आलं की परत भरायचं, सावकार मध्ये नाही. आम्ही बचत गटाची मीटिंग घेतो, तेव्हा नव्या बायकांना नेहमी सांगतो की हे काही आज निघालेलं नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' चळवळ सुरू झाली आणि भाई कोतवाल भूमिगत झाले. त्यांचा आझाद दस्ता डोंगरातून हिंडायचा. त्यांनी हात घातला तो विजेच्या मनोऱ्यांना. मघाशी विजेची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं ती इथं. मनोरा पडला की कारखाने थांबणार, विजेवरची गाडी थांबणार, लढाईचा माल अडकणार. त्या सहा महिन्यांत या मुलखात काय वातावरण असेल बघा. चाळीत एक बाई मालगाडीवर गेलेला नवरा सुखरूप यावा म्हणून जागी, आणि डोंगरातल्या वाडीत दुसरी फरारी पोरांना भाकरी नेऊन द्यायची म्हणून जागी. कुणी कुणाचं वैरी नव्हतं. पहिलीच्या नवऱ्याची गाडी थांबावी म्हणून दुसरीचा मुलगा झटत होता, इतकंच. देशात ठिकठिकाणी गावांवर सामुदायिक दंड बसले, गावकऱ्यांनाच रुळावर राखणीला उभं केलं. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं हुतात्मा झाले. कोतवालांचं वय तिशीचं. दरवर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जातात. यंदा आमच्या गटातल्या काही जणी जाणार आहेत, ज्यांना यायचं त्यांनी आधी सांगा, म्हणजे गाडीची सोय बघता येईल.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्यानं भरलेलं 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. शेकडो माणसं गेली आणि गोदामातलं हजारो टन धान्य जळालं. आधीच ओढाताण, त्यात हे.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, छावणी ओस पडली. दोन वर्षांत फाळणी झाली आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं येऊन राहिली, एक लाखाच्या घरात. ज्या लांबलचक खोलीत शिपायांच्या खाटा होत्या, तिथं मध्ये चादरी बांधून एकेक कुटुंब. त्या बायकांनी पापड लाटले, शिवणकाम केलं, त्यातून घरं उभी राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथं कोनशिला बसली आणि कॅम्पाचं नाव उल्हासनगर झालं, आपल्या उल्हास नदीवरून. कॅम्पाचे नंबर मात्र तोंडात राहिले.

१९७१ ची लढाई आपल्या सासवांना आठवते. डिसेंबरातले चौदा दिवस, रात्री दिवाबंदी, खिडक्यांना कागद, अंधारी लोकल. शेजारी अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, त्यामुळं इथं भीती जरा जास्तच. त्यावर एखाद्या भागात त्यांनाच बोलवायचा विचार आहे.

एक गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. काटई-बदलापूर रस्त्यानं जाताना नेवाळी नाका लागतो. तिथं दुसऱ्या महायुद्धात सरकारनं विमानांसाठी धावपट्टी केली आणि आसपासच्या गावांची भातशेतीची जमीन ताब्यात घेतली. लढाई संपली की जमीन परत मिळेल, असं गावं धरून चालली होती. जमीन पुढं संरक्षण खात्याकडं राहिली. धावपट्टी वापरात नाही, म्हणून घरं पिढ्यानपिढ्या तिथं शेती करत आली. नौदलानं तिथं भिंत घालायला घेतली तेव्हा जून २०१७ मध्ये मोठं आंदोलन झालं, रस्ता अडवला गेला, गाड्या जळाल्या, पोलीस आणि गावकरी दोघांकडची माणसं जखमी झाली. जाळपोळ बरी नव्हे, हे आम्हीही म्हणू. पण त्या लढाईसाठी गेलेलं शेत अजून नातसुनेच्या बोलण्यात आहे, हेही तितकंच खरं. त्या सुनांपैकी काही जणी आपल्या गटांच्या मेळाव्याला येतात.

म्हणून एक काम सांगतो. घरातल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत सासऱ्यांचे, आजेसासऱ्यांचे कागद असतील. लेव्हीची पावती, रेशनचं जुनं कार्ड, रेल्वेच्या धान्य दुकानाचं कार्ड, जमीन ताब्यात घेतल्याची नोटीस, जुना सातबारा. मोडीत असला तरी रद्दीत घालू नका. दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा. सरकारी कागदाची प्रत हवी असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करता येतो. अर्ज कसा लिहायचा ते पुढच्या बुधवारच्या बैठकीत दाखवू. येताना पेन आणि आपली वही आणा.